दुधावाचून चीज : एका अभ्यासक्षेत्राची ओळख

अमेरिकेतल्या दुकानांत दुधावर खर्च होणाऱ्या दर शंभर डॉलरांपैकी सुमारे पंधरा डॉलर आता बदाम, ओट किंवा सोयाच्या दुधाकडे जातात. चीजच्या बाबतीत हा आकडा एका डॉलरच्या आसपास आहे. दोन्ही पदार्थ गोठ्यातूनच येतात आणि ते टाळण्याची कारणेही तीच आहेत: प्राण्यांविषयीची कणव, हवामानाची काळजी, पचनाच्या तक्रारी, ॲलर्जी. वनस्पतिजन्य चीजची मागणी वाढली, पिझ्झाच्या दुकानांत आणि सुपरमार्केटच्या शीतकपाटांत त्याला जागा मिळाली, मोठ्या कंपन्यांनी त्यात पैसा घातला, हे सगळे खरे आहे. तरी दुधाला जे सहज जमले ते चीजला इतके अवघड का जावे? या पुस्तकातले बहुतेक लेख या ना त्या वाटेने याच प्रश्नाकडे येतात.

त्याचे उत्तर एका विद्याशाखेच्या आवाक्यात नाही. प्रथिनरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, पाककला, शेती, आहारशास्त्र आणि कायदा यांच्या सीमेवर गेल्या पंधरा-वीस वर्षांत हे क्षेत्र आकाराला आले. त्यात पाऊल टाकणाऱ्या मराठी वाचकाला रसायनशास्त्राची पदवी लागणार नाही. दूध नासताना पाहिले असेल, तर सुरुवातीची तयारी झालेली आहे.

दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते. हे प्रथिन घट्ट गुंडाळलेले नसते, सैल आणि लवचीक असते. कॅल्शियम फॉस्फेटच्या साह्याने त्याचे सूक्ष्म पुंजके दुधात तरंगत राहतात. चीज करताना दुधात घातल्या जाणाऱ्या रेनेटमधले कायमोसिन हे विकर पुंजक्यांच्या पृष्ठभागावरच्या कॅपा-केसीनचा एक ठरावीक बंध तोडते. मग त्यांना एकमेकांपासून दूर ठेवणारे आवरण उरत नाही, ते एकत्र येतात आणि त्यांचे जाळे तयार होते. स्निग्धांश व पाणी त्या जाळ्यात अडकते. मोझरेला करताना सामू ५.२ च्या आसपास उतरला की जाळ्यातले काही कॅल्शियम सुटते, पकड सैल होते आणि गरम पाण्यात तो गोळा हवा तसा ताणता येतो. थंड झाल्यावर तो घट्ट होतो, तापवल्यावर पुन्हा वितळतो.

सोयाबीन, वाटाणा, हरभरा यांच्या बियांतली साठवणीची प्रथिने वेगळ्या घडणीची आहेत. ती गोळ्यासारखी घट्ट गुंडाळलेली असतात. उष्णता लागली की उलगडतात, एकमेकांत गुंततात आणि कायमची बसतात. उकडलेले अंडे जसे पुन्हा पातळ होत नाही, तसा टोफूही तव्यावर खरपूस होतो, वितळत मात्र नाही.

वितळणे हे चीजचे एक काम झाले. दुसरे काम मुरण्याचे. लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू, पेनिसिलियम वंशातल्या बुरश्या आणि त्यांची विकरे आठवडेच्या आठवडे प्रथिने व स्निग्धांश तोडत राहतात. प्रथिनांतून अमिनो आम्ले सुटतात आणि चव भरत जाते. निळ्या चीजचा उग्र वास हा मेदाम्लांपासून बुरशीने घडवलेल्या मिथाइल कीटोनांचा असतो. दुधाच्या चीजमध्ये ही दोन्ही कामे केसीनच्या एकाच जाळ्यात घडतात. त्यामुळे ती दोन आहेत हे कोणी वेगळे काढून पाहण्याचे कारणच नव्हते. दूध बाजूला काढले आणि त्यांची ताटातूट झाली. वनस्पतिजन्य चीजचा इतिहास आणि त्यातले आजचे संशोधन समजून घ्यायचे, तर ही ताटातूट ध्यानात ठेवावी. पुढची बरीच गुंतागुंत तिच्यामुळे उलगडते.

मुरण्याची बाजू जुनी आहे. चीनमध्ये टोफूच्या वड्यांवर बुरशी वाढवायची आणि त्या मीठ व मद्य घातलेल्या पाण्यात मुरवायच्या, ही पद्धत शतकांपासून चालत आली आहे. फुरू नावाचा हा पदार्थ मऊ, खारट आणि तिखट वासाचा असतो. युरोपात मध्ययुगीन पाककृतींमध्ये ख्रिस्ती लोकांच्या लेंट या उपवासकाळासाठी बदामाच्या दुधाचे चीज आढळते. आधुनिक टप्प्याची सुरुवात ली यूयिंग या चिनी विचारवंताकडे नेता येते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेरीस त्यांनी पॅरिसजवळ कोलोंब येथे सोयाबीनच्या पदार्थांचा कारखाना काढला आणि १९१० च्या अखेरीस सोयादूध व त्यापासूनच्या पदार्थांच्या पेटंटसाठी ब्रिटनमध्ये अर्ज केला. सोयाच्या दुधापासून आंबवून केलेले चीजही त्यांच्या कामाचा भाग होते.

या इतिहासाचा एक धागा वर्ध्यातून जातो. दूध सोडण्याचे व्रत घेतलेल्या गांधीजींना १९१९ मधल्या गंभीर आजारपणात शेळीचे दूध स्वीकारावे लागले आणि त्याची खंत त्यांच्या मनातून गेली नाही. दुधाइतका पौष्टिक व पचायला हलका वनस्पतिजन्य पर्याय कोणाला अनुभवाने ठाऊक असेल, तर त्याने तो कळवावा, अशी विनंती त्यांनी आत्मकथेत केली आहे. १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीनचे प्रयोग झाले, त्यांची हकीकत ‘हरिजन’मध्ये छापून आली. पुढे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने शेंगदाण्याचे प्रथिन दुधात मिसळून ‘मिलटोन’ तयार केले. दुधाच्या टंचाईवरचा तो उपाय होता. आज ज्याला आपण वनस्पतिजन्य पर्याय म्हणतो, त्याच्याकडे भारतात आधी नीतीच्या आणि मग पोषणाच्या वाटेने पाहिले गेले, याची नोंद इतिहास लिहिणाऱ्याने घ्यायला हवी.

वितळण्याची बाजू मात्र फार उशिरा हाती लागली. १९८० च्या दशकात अमेरिकेत सोया चीज म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक वड्यांत केसीन घातलेले असे, कारण त्याशिवाय त्या वितळत नसत. २००८ मध्ये व्हँकूव्हरला सुरू झालेल्या डाया कंपनीने सुरुवातीच्या उत्पादनांत कसावाच्या पिठाचा आधार घेतला. आपला साबुदाणा याच कंदाचा. ग्रीसमधल्या थेस्सलोनिकीजवळून जगभर गेलेल्या व्हायोलाइफने खोबरेल आणि स्टार्च यांचे मिश्रण घराघरांत पोहोचवले. या रचनेत प्रथिनांचे जाळे नसते. तापल्यावर मऊ पडणारे स्टार्च आणि २४ अंश सेल्सिअसच्या आसपास विरघळणारे खोबरेल मिळून वितळण्याचा आभास देतात. त्यात मुरण्याजोगे फारसे काही नसल्याने चव बाहेरून घालावी लागते.

याच काळात दुसरी शाखा घरगुती स्वयंपाकघरांतून वाढली. मियोको शिनर यांच्या २०१२ मधल्या ‘आर्टिझन व्हीगन चीज’ या पुस्तकाने काजू भिजवून, वाटून, त्याला विरजण लावून मुरवण्याची रीत असंख्य हौशी लोकांपर्यंत नेली. काजूत स्निग्धांश भरपूर, प्रथिन बऱ्यापैकी आणि स्टार्चही असते, म्हणून त्याचे वाटण गुळगुळीत आणि घट्टसर होते. त्यावर कॅमेम्बेरची पांढरी बुरशीही छान धरते. हे चीज ब्रेडवर लावायला उत्तम, पिझ्झावर मात्र कोरडे पडते. म्हणजे एका शाखेने वितळणे घेतले, दुसरीने मुरणे, आणि गिऱ्हाइकाला दोन्ही एकाच तुकड्यात हवे आहे. वरच्या एका डॉलरचे एक मोठे कारण इथे दडलेले आहे.

दोन्ही कामे पुन्हा जुळवण्याचे प्रयत्न हा या क्षेत्राचा आजचा सर्वांत जिवंत भाग आहे. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात अलेहान्द्रो मारांगोनी यांच्या गटाने मक्यातल्या झाइन या प्रथिनावर काम केले. झाइन तापल्यावर मऊ होऊन ताणले जाते, त्यामुळे केसीनच्या वागण्याच्या ते बरेच जवळ येते. दुसरी वाट सूक्ष्मजीवांकडून दुधाचीच प्रथिने तयार करून घेण्याची आहे. ती वाटते तितकी नवी नाही. सूक्ष्मजीवांनी बनवलेल्या कायमोसिनला अमेरिकेत १९९० मध्येच परवानगी मिळाली आणि तिथले बहुतेक चीज आज त्यावरच बनते. अशा केसीनसाठी गाय लागत नाही, पण दुधाची ॲलर्जी असलेल्या माणसाला ते तितकेच बाधते. ‘वनस्पतिजन्य’, ‘प्राण्यांविना’ आणि ‘दूधविरहित’ या तीन वर्णनांतली सीमारेषा वाचकाने सुरुवातीपासून सांभाळावी.

स्निग्धांशाचा प्रश्न कोकणच्या ओळखीचा आहे. खोबरेल एकदम विरघळते, दुधातला स्निग्धांश टप्प्याटप्प्याने. म्हणून शरीराच्या तापमानापर्यंत घट्ट राहणाऱ्या वनस्पतिजन्य चरबीचा शोध चालू असतो. कॅलिफोर्नियातल्या क्लायमॅक्स फूड्सचे निळे चीज २०२४ च्या ‘गुड फूड’ पुरस्कारांच्या अंतिम फेरीत पोहोचले आणि निकालाआधी वगळले गेले. वादातला एक मुद्दा कोकमाच्या बियांच्या तेलाचा होता. अमेरिकेत सुरक्षित म्हणून मान्य झालेल्या घटकांत ते नाही, असा आक्षेप होता. कंपनीने आपण त्याऐवजी कोको बटर वापरू लागल्याचे सांगितले. भेगाळलेल्या टाचांना लावण्यासाठी ज्या मुठेलाची, म्हणजे कोकमाच्या याच तेलाची, वडी कोकणात घरोघर असे, ते तेल चीजमध्ये काय काम करते, याचा पद्धतशीर अभ्यास करायला दापोली किंवा वेंगुर्ल्याइतकी सोयीची जागा क्वचितच दुसरी असेल.

फायद्यांविषयी बोलताना हे पुस्तक घाई करत नाही. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक यांनी २०१८ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या, ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांच्या माहितीवर आधारलेल्या अभ्यासात एक किलो चीजमागे सरासरी २० किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन दिसते. एक किलो चीजला साधारण दहा लिटर दूध लागते, हे लक्षात घेतले की त्याचे नवल वाटत नाही. वनस्पतींची बाजू इथे भक्कम आहे. पोषणाची तुलना मात्र तितकी सोपी नाही. १०० ग्रॅम चेडारमध्ये सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. खोबरेल-स्टार्चच्या चीजमध्ये ती जवळजवळ नसतातच, संपृक्त मेद मात्र भरपूर असतो. कॅल्शियम आणि ब-१२ जीवनसत्त्व वरून घातले तरच मिळते. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, न पचण्याचे कारणही नीट तपासावे लागते, कारण दीर्घकाळ मुरलेल्या चीजमध्ये लॅक्टोज नावापुरतेच उरते.

सुरक्षिततेबाबत तर आणखी काटेकोर राहिले पाहिजे. २०२१ मध्ये अमेरिकेत काजूच्या ब्रीमधून साल्मोनेलाची लागण झाली, २०२२ मध्ये फ्रान्समध्ये बदामाच्या चीजमधून लिस्टेरियाची. पदार्थ वनस्पतीचा आहे म्हणून निर्धोक, हा समज या घटनांनी मोडीत काढला. भिजवलेला, न तापवलेला काजू ही जिवाणूंसाठी उत्तम जागा आहे. दुग्धव्यवसायाने शतकभरात कमावलेली पाश्चरीकरणाची आणि स्वच्छतेची शिस्त या नव्या व्यवसायाला पहिल्या दिवसापासून लागते. घरी प्रयोग करणाऱ्या वाचकांनी त्याविषयीचे प्रकरण आधी वाचावे.

कायद्याचे वादही याच क्षेत्रात येतात. युरोपीय न्यायालयाने १४ जून २०१७ रोजी टोफूटाउन खटल्यात निव्वळ वनस्पतिजन्य पदार्थांना ‘चीज’ किंवा ‘बटर’ म्हणून विकण्यास मनाई केली. चारच वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयाने शिनर यांच्या कंपनीला आपल्या वनस्पतिजन्य पदार्थाला ‘बटर’ म्हणण्याची मुभा दिली. भारतात वनस्पतिजन्य पदार्थांना दुधाची नावे वापरता येत नाहीत, आणि २०२२ च्या नियमांनी व्हीगन अन्नासाठी वेगळे चिन्ह ठरवून दिले आहे.

महाराष्ट्रात या चर्चेला एक वेगळेच वळण आहे. मार्च २०२५ मध्ये विधानसभेत बनावट पनीरचा प्रश्न गाजला आणि ‘ॲनालॉग पनीर’ हा शब्द हॉटेलांच्या गल्ल्यापर्यंत पोहोचला. हे पनीर बहुधा दूधभुकटी आणि पामतेल यांचे असते. ते व्हीगनही नसते आणि दुधाचेही पुरते नसते. तक्रार आहे ती ते दुधाचे म्हणून खपवले जाण्याची. प्रामाणिकपणे नाव सांगून विकला जाणारा वनस्पतिजन्य पदार्थ आणि स्वस्त भेसळ यांतला फरक ग्राहकाला पटवता आला नाही, तर पहिल्याला दुसऱ्याची बदनामी भोगावी लागेल. हा फरक दाखवण्याची जबाबदारी अभ्यासकांवरही आहे.

कच्च्या मालाकडे पाहिले, तर मराठवाडा-विदर्भातले सोयाबीन आज मुख्यतः तेलाच्या गाळपाला आणि पेंडीच्या रूपाने कोंबड्यांच्या खाद्याला जाते. काजूची ओळख गोव्याच्या किनाऱ्याला पोर्तुगीजांनी करून दिली, आणि आज तळकोकणातली कितीतरी घरे त्यावर चालतात. काजू सोलणाऱ्या बायकांचे हात टरफलातल्या तेलाने पोळतात, म्हणून काजूच्या चीजची नैतिक बाजू तपासताना फक्त गायीचा विचार करून भागणार नाही.

प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचता येतील. केसीनविषयीचे मात्र आधी वाचावे, कारण पुढचे प्रत्येक यश-अपयश त्याच मोजपट्टीवर मोजलेले आहे. कोणतेही वनस्पतिजन्य चीज हाती आले की दोन प्रश्न विचारावेत: हे वितळते कशामुळे, आणि यात मुरले काय? वेष्टनावरची घटकांची यादी वाचूनही बरेचसे उत्तर मिळते. आजवरच्या बहुतेक उत्पादनांना यातल्या एकाच प्रश्नाचे चांगले उत्तर देता आले आहे. दोन्हींचे देणारे चीज सोयाबीन, शेंगदाणा, कोकम अशा आपल्या परिचयाच्या मालातून घडू शकेल का, हे अजून कोणी नेटाने करून पाहायचे आहे. ते करू पाहणारे विद्यार्थी, स्वयंपाकी आणि लहान उद्योजक या पुस्तकाचे वाचक व्हावेत आणि पुढच्या आवृत्तीतले त्यांचे प्रकरण त्यांनीच लिहावे.