ॲव्हरेज किती देते?

आज नमनाला घडाभर तेल घालणार नाही. विषयच तेलाचा आहे, आणि पेट्रोलने २०२१ मध्येच शंभरी ओलांडली आहे. :)

काही वर्षांपूर्वी मी एक लहान टर्बो पेट्रोल हॅचबॅक घेतली. कुठली ते सांगत नाही, कारण या गोष्टीत बिचाऱ्या गाडीचा दोष नाही. पेढे वाटून झाले, चाकाखाली लिंबू ठेवून झालं, आणि पंधरा दिवसांनी बाबांचा प्रश्न आलाच. "ॲव्हरेज किती देते रे?"

"सोळा," मी म्हणालो.

ब्रोशरमध्ये त्याहूनही थोडा वरचा आकडा छापलेला होता. माझ्या डॅशबोर्डवर मात्र त्या आठवड्यात ९.८ दिसत होतं. म्हणजे मी सरळ खोटं बोललो. तेही कोणाशी? तर ज्या माणसाने आपल्या स्कूटरच्या पेट्रोलचा हिशोब वीस वर्षं डायरीत लिहिलाय त्याच्याशी. ते रात्रभर टोचत राहिलं. मग इंजिनियरची खोड, दुसऱ्या दिवसापासून खोदायला लागलो की ब्रोशरमधला हा आकडा मुळात येतो तरी कुठून?

तर मंडळी, थोडं मागे जाऊ या. १९७३. ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेलाची कोंडी केली. पश्चिम जर्मनीत नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये चार रविवार खाजगी गाड्यांना चक्क बंदी होती. लोक ऑटोबानवर पायी आणि सायकलवर हिंडले. ऑटोबानवर काही महिने ताशी १०० किमीची मर्यादासुद्धा आली. आणि गंमत बघा, नेमक्या त्याच वर्षी फोक्सवॅगनमधल्या काही जणांनी वरिष्ठांच्या नकळत 'स्पोर्ट गोल्फ'चा खटाटोप सुरू केला होता. १९७५ च्या फ्रँकफर्ट शोमध्ये ती गाडी दिसली आणि १९७६ मध्ये गोल्फ जीटीआय म्हणून विक्रीला आली. कंपनीचा अंदाज होता ५,००० गाड्यांचा. पहिल्या पिढीतच साडेचार लाखांहून जास्त खपल्या!

तेलसंकटानंतर लगेच वेगवान गाडी एवढी का चालली? एक कारण तिच्या वजनात आहे. पहिली जीटीआय होती साधारण ८१० किलोची, इंजिन १.६ लिटर, ताकद ११० पीएस. १९८४ ची प्यूजो २०५ जीटीआय साधारण ८५० किलो आणि १०५ पीएस. मोठं इंजिन न लावता, गाडी हलकी ठेवून वेग काढायचा, हा या गाड्यांचा मूळ मंत्र. रोज ऑफिसला न्या, शनिवारी घाटात पळवा, आणि पंपावर रडू नका. (२०२५ मध्ये भारतात आलेली गोल्फ जीटीआय १,४०० किलोंच्या पुढे आहे. असो.)

आता आकड्याकडे. १९८० च्या युरोपीय नियमाप्रमाणे कंपन्यांना एक नाही, तीन आकडे द्यावे लागत. शहरी सायकलवर किती, ताशी ९० च्या स्थिर वेगाला किती आणि ताशी १२० ला किती. तेव्हाचं ब्रोशर उघडून माणूस ठरवू शकायचा, की आपण शहरवाले का हायवेवाले. जर्मन लोक तिन्हींची सरासरी काढायचे, त्याला 'ड्रिटेलमिक्स' म्हणायचे. पण मूळ तीन आकडे शेजारीच असायचे.

१९९० च्या दशकात हे बदललं. स्थिर वेगाच्या चाचण्या गेल्या आणि एनईडीसी नावाची सायकल आली. गाडी रोलरवर चढवायची आणि ११८० सेकंदांत सुमारे ११ किलोमीटर 'चालवायची'. त्यातून शहर, शहराबाहेर आणि 'कंबाइन्ड' असे आकडे निघत. लोकांच्या तोंडी राहिला तो शेवटचा.

या सायकलमधली एकच ओळ सांगतो, म्हणजे सगळं कळेल. शहरी भागात गाडीने शून्यापासून ताशी ५० किमीला पोचायचं, तर त्याला वेळ दिलाय २६ सेकंद. सव्वीस! आपल्या सिग्नलवर एवढ्या वेळात मागचे चौघे हॉर्न वाजवून, शिव्या देऊन पुढे निघून जातील. पहिली गोल्फ जीटीआय शून्य ते शंभर ९ सेकंदांच्या आसपास जायची. म्हणजे गाडी विकत घ्यायची तिच्या उजव्या पेडलसाठी, आणि परीक्षा अशी की त्या पेडलला कोणी नीट हात... सॉरी, पायच लावत नाही. एसी बंद, चढ नाही, आणि ताशी १२० चा वेग संपूर्ण चाचणीत एकदाच, जेमतेम दहा सेकंद.

आपल्याकडे यायचं तर फार लांब जावं लागत नाही. पुण्यात सकाळी वेताळ टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांना एआरएआय माहीत असेलच, टेकडीचा तो भाग एआरएआयच्याच नावाने ओळखला जातो. प्रमाणित मायलेज म्हणून आपण जो आकडा वाचत आलो, तो निघाला 'मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल'वर. मॉडिफाइड म्हणजे काय, तर तीच युरोपीय सायकल, फक्त कमाल वेग १२० ऐवजी ९०. शहरी भागातले ते २६ सेकंद तसेच.

आता दोन गाड्या घ्या, दोन्ही आपल्या पुणे जिल्ह्यातल्या. चाकणची पोलो जीटी टीएसआय, २०१३, १०५ पीएस, प्रमाणित १७.२ किमी प्रति लिटर. आणि रांजणगावची अबार्थ पुंटो, २०१५, १४५ बीएचपी, प्रमाणित १६.३. ताकदीत जवळजवळ चाळीस घोड्यांचा फरक. पेट्रोलमध्ये? शंभर किलोमीटरला फक्त एक तृतीयांश लिटर! चाळीस घोडे पाव किलो चण्यावर जगतात असं वाटेल. खरं तर ते घोडे त्या चाचणीत तबेल्यातून बाहेरच आले नाहीत.

टर्बोमुळे हे अंतर आणखी वाढतं, तेही सरळ भौतिकशास्त्राने. पेट्रोल इंजिन हलक्या कामाला अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून श्वास घेतं आणि त्या ओढाताणीत शक्ती वाया जाते. इंजिन लहान केलं की तेच काम करायला थ्रॉटल जास्त उघडावा लागतो आणि नासाडी कमी होते. चाचणीतलं सगळं काम हलकं, त्यामुळे छोटं टर्बो इंजिन तिथे पहिल्या नंबरात पास. पण तुम्ही खंबाटकी घाटात दोन ट्रक ओव्हरटेक करायला पेडल दाबलं की टर्बो कोंबून हवा भरतो, इंजिन तापतं, आणि अनेक इंजिनं मग टर्बो नि कॅटॅलिस्ट जळू नयेत म्हणून जादा पेट्रोल ओततात. थंडाव्यासाठी पेट्रोल! आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्ट केस सगळ्या हिरव्या, प्रॉडक्शनमध्ये बोंब.

आणि यात कोणी चोरी केली असं नाही. २०१५ चं डिझेल प्रकरण वेगळं, तिथे सॉफ्टवेअर चाचणी ओळखून वागणूक बदलत होतं. (त्या बातमीने आमच्या धंद्याची मान खाली गेली.) इथे सगळं बहुतेक नियमात बसून झालं. आयसीसीटी या संस्थेने युरोपातल्या चालकांच्या नोंदी जमवल्या, तेव्हा प्रमाणित आकडा आणि रस्त्यावरचा आकडा यांतली तफावत २००१ मध्ये सुमारे ९ टक्के होती, ती २०१५ मध्ये सुमारे ४२ टक्क्यांवर गेली. तीच परीक्षा वर्षानुवर्षं घेतली की पोरं विषय शिकत नाहीत, पेपर शिकतात.

युरोपने २०१७ पासून डब्ल्यूएलटीपी ही नवी सायकल आणली. ३० मिनिटं, २३ किलोमीटर, कमाल वेग १३१. शिवाय नव्या गाड्यांना स्वतःच्या पेट्रोलची नोंद ठेवणं सक्तीचं झालं. त्या नोंदींवरून युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये सांगितलं, की २०२१ च्या पेट्रोल-डिझेल गाड्या प्रत्यक्षात प्रमाणित आकड्यापेक्षा साधारण २० टक्के जास्त पितात. तफावत आहेच, पण निम्म्याने उतरली.

आता माझ्या ९.८ चं काय? एक्सेल उघडलं. तिथे अजून एक फजिती कळली. समजा ऑफिसच्या १०० किलोमीटरला गाडी ९ देते आणि हायवेच्या १०० किलोमीटरला १८. सरासरी किती? साडेतेरा म्हणालात तर चुकलात. ११.१ अधिक ५.६, म्हणजे १६.७ लिटर, २०० किलोमीटरला. उत्तर १२! 'किमी प्रति लिटर' अशी सरळ मिसळता येत नाही. युरोपातले लोक 'शंभर किलोमीटरला किती लिटर' मोजतात, त्यात बेरीज सरळ होते. आपण ज्या गोष्टीला ॲव्हरेज म्हणतो तिचंच ॲव्हरेज काढायला आपण चुकतो.

दिवाळीत कराडला जायचं होतं. जाताना बाबांना गाडी चालवायला दिली. ताशी ८० च्या वर काटा नाही, ब्रेक जवळपास नाहीच, समोर ट्रक दिसला की अर्धा किलोमीटर आधीच पाय काढलेला. उतारावर मी म्हटलं न्यूट्रल करा, तर म्हणाले, "गिअरमध्येच राहू दे." (बरोबर होतं. गिअरमध्ये उतरताना आजची इंजिनं पेट्रोल बंद करतात, न्यूट्रलमध्ये आयडलिंगला लागतंच.) टाकी फुल ते फुल, हिशोब आला १७.४. येताना मी एकटा होतो आणि उशीर झाला होता. तोच रस्ता, तीच गाडी. १२.९.

घरी आल्यावर सांगून टाकलं. "बाबा, सोळा नव्हतं. शहरात दहासुद्धा देत नाही. तेव्हा खोटं बोललो."

ते हसले नाहीत की रागावले नाहीत. आत गेले आणि जुनी डायरी घेऊन आले. प्रत्येक पानावर चार रकाने आखलेले: किलोमीटर, लिटर, रुपये, आणि शेवटचा 'कुठे'. त्यात बारीक अक्षरात, 'ऑफिस', 'ऑफिस', 'सासवड, दोघे', 'पाऊस, ऑफिस'.

"मी तुला किती देते विचारलं," ते म्हणाले, "तू उलट विचारायचंस, कुठे?"

१९८० च्या ब्रोशरमधल्या तीन आकड्यांत तो रकाना होता. आपण तो खोडून एकच आकडा घेतला, आणि मग त्या आकड्यावर भांडत बसलो. माझ्या एक्सेलमध्ये आता 'कुठे' हा कॉलम आहे. या आठवड्याची नोंद: हिंजवडी, पाऊस, ९.४.

बाबांना तसंच कळवलंय.