उल्हासकाठची सौभाग्यव्रते

पतीच्या दीर्घायुष्यासाठी विवाहित स्त्रिया जे उपवास धरतात त्यांना सौभाग्यव्रते म्हणतात, आणि त्यांतले महाराष्ट्रात सर्वाधिक रुळलेले व्रत म्हणजे ज्येष्ठातील वटपौर्णिमा होय. त्यामागच्या, महाभारताच्या वनपर्वातील कथेत, नारदाने सांगितलेला पती सत्यवानाच्या मृत्यूचा दिवस जवळ येताच सावित्री तीन रात्री उभ्याने उपवास करते. वडाची पूजा मात्र त्या आख्यानात नाही, ती पुढच्या पुराणांनी व व्रतग्रंथांनी जोडली. त्रयोदशीपासून पौर्णिमेपर्यंतचे हे त्रिरात्रव्रत व्यवहारात एका दिवसावर आले. उल्हास नदीकाठच्या कुळगाव-बदलापुरात या दिवशी वडाला सुताचे सात वेढे घालून सवाष्णी एकमेकींची ओटी भरतात, आणि त्या वाणात आंब्याशेजारी फणसाचे गरे, करवंदे व बदलापूरची टपोरी जांभळे असतात, कारण त्या सुमारास या फळांचा हंगाम सरत आलेला असतो.

बदलापूरच्याच रेल्वेमार्गावर, अंबरनाथच्या पलीकडे, कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीचे नाव उल्हासनगर झाले. त्यांच्या स्त्रिया राखीपौर्णिमेनंतरच्या तृतीयेला ‘तीजडी’ पाळतात: हातांवर मेंदी, दिवसभर उपवास आणि चंद्राला अर्घ्य दिल्यावर पारणे, म्हणजे उपवास सोडणे. पंजाबी व उत्तर भारतीय कुटुंबांतली करवा चौथ आश्विन वद्य चतुर्थीला येते. मराठी घरांतली संकष्टीही त्याच रात्रीची असल्याने एकाच इमारतीच्या गच्चीवर दोन वेगळ्या कारणांनी एकाच चंद्राची वाट पाहिली जाते! उलट वटसावित्री उत्तरेकडे अमावास्येला, म्हणजे इथल्यापेक्षा पंधरा दिवस आधी होते.

शहर वाढले तसा वड दूर गेला आणि बाजारात जुडीने मिळणारी फांदी घरात आली. ही सोय मूळ विधीशी विसंगतच म्हणावी लागेल, कारण ज्या झाडाच्या चिरंजीवित्वाकडे पाहून पतीचे आयुष्य मागायचे, तेच त्यासाठी तोडले जाते. वड जवळ नसेल तर पाटावर चंदनाने त्याचे चित्र रेखाटून पूजा करण्याची रीत आहे, आणि तिला कोयता लागत नाही.