स्क्रूच्या डोक्यावरचे कुलूप

सरळ खाचेचा स्क्रू नाण्याच्या कडेनेही उघडतो. चोराला अडवायचे तर खाचच बदलायला हवी, ही युक्ती विसाव्या शतकात रुळली. गंमत अशी, की यातल्या बऱ्याच खाचा चोर डोळ्यांपुढे ठेवून घडवलेल्या नव्हत्या. हेन्री फिलिप्सची १९३० च्या दशकातली चौफुली खाच, आपल्याकडचा ‘स्टार’, मोटारींची जुळणी झपाट्याने व्हावी म्हणून चालली. १९६७ च्या सुमारास अमेरिकेतल्या कॅमकार कंपनीने सहा टोकांची टॉर्क्स खाच आणली, ती जोर लावताना पाना निसटू नये म्हणून. मात्र तसा पाना कोणाच्या घरी नसे आणि तेवढ्यावरच ती खाच कुलपाचे काम करी. पाने दुकानोदुकानी मिळू लागले तेव्हा खाचेच्या मधोमध खुंटी ठेवलेला टॉर्क्स निघाला. त्यावर टोकाला भोक असलेला पानाही लवकरच बाजारात आला.

दुसरा मार्ग पान्याचा प्रश्नच मिटवण्याचा. शंकूच्या आकाराच्या नटावर षटकोनी डोके असते. ठरावीक जोर लागला की ते तुटून पडते आणि उरलेल्या गुळगुळीत शंकूवर पाना धरत नाही. उच्चदाब वाहिन्यांच्या मनोऱ्यांचे लोखंडी अँगल भंगारासाठी चोरीला जातात, म्हणून भारतात मनोऱ्याच्या खालच्या भागात असे नट बसवतात. अडचण एकच: दुरुस्तीच्या वेळी असा नट वीजखात्याच्या माणसालाही कापूनच काढावा लागतो.

मोटारीच्या अलॉय चाकांसाठी मधला उपाय निघाला. प्रत्येक चाकाला एक नट नक्षीदार खाचेचा आणि तो उघडणारी चावी मालकाजवळ. चावी हरवली की गॅरेजवाला नटावर ठोकून बसणारा सॉकेट वापरतो. चोरही तेच करतो. मग नटाभोवती मोकळी फिरणारी कडी आली, तिच्यावर सॉकेट पकड घेत नाही.

भारतातल्या वाहनांच्या उच्च सुरक्षा नंबरप्लेटचा हेतू थोडा निराळा आहे. मागच्या प्लेटचे स्नॅप लॉक काढताना मोडते आणि पुन्हा बसत नाही, त्यामुळे छेडछाड लपत नाही. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या वाहनांना ही प्लेट सक्तीची झाली. जुन्या वाहनांसाठी महाराष्ट्रात २०२५ मध्ये मुदतीमागून मुदत वाढत गेली.

चोराऐवजी मालकालाच बाहेर ठेवणारे स्क्रूही आहेत. १९८४ च्या मॅकिन्टॉश संगणकाचे स्क्रू खोल विवरात होते, तिथवर जायला लांब टॉर्क्स लागे. ॲपलने २००९ मध्ये मॅकबुक प्रोच्या बॅटरीला पाच पाकळ्यांचा पेंटालोब स्क्रू लावला. २०१० चा आयफोन ४ सुरुवातीला साध्या फिलिप्स स्क्रूंचा होता. पुढे त्याच्या तळालाही पेंटालोब आले. आयफिक्सिट या दुरुस्तीसाहित्य विकणाऱ्या कंपनीने २०११ मध्ये ते काढून साधे स्क्रू बसवण्याचा संचच विकायला काढला. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणांतली बॅटरी, काही अपवाद सोडता, वापरणाऱ्याला बाजारात मिळणाऱ्या हत्यारांनी काढता आली पाहिजे. खास हत्यार लागत असेल तर ते उपकरणासोबत फुकट द्यावे लागेल.