फटफटीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे देवळासाठी राखून ठेवलेला आहे. ढासळलेली भिंत पुन्हा उभारावी, निखळलेला चिरा जागी बसवावा, परंतु गाभाऱ्यातील देव तोच असावा, असा त्याचा अर्थ. हा शब्द फटफटीस लावला तर कोणी नाक मुरडील. तथापि पन्नाशी ओलांडलेली कितीतरी माणसे जिन्याखाली पंचवीस वर्षे धूळ खात पडलेली जावा किंवा येझदी बाहेर काढून तिच्यावर जो वेळ आणि पैसा वेचीत आहेत, त्यास दुसरा शब्द आम्हांस सुचत नाही. तेव्हा या यंत्राची कुळकथा एकदा सांगून टाकणे बरे.

जावा या नावाचा त्या नावाच्या बेटाशी काडीचाही संबंध नाही. शस्त्रांचे कारखानदार फ्रान्तिशेक यानेचेक यांनी १९२९ साली प्राग येथे वाँडरर या जर्मन कंपनीकडून मोटारसायकल बनविण्याचे हक्क घेतले, आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून 'जावा' हे नाव सिद्ध झाले. १९३९ मध्ये जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले. कारखाना युद्धाच्या कामास जुंपला गेला आणि यानेचेक १९४१ मध्ये निवर्तले. परंतु त्यांच्या तंत्रज्ञांनी सत्ताधाऱ्यांच्या डोळ्यांआड २५० सी.सी.च्या एका नव्या गाडीचे काम चालूच ठेवले. ती १९४६ च्या पॅरिस प्रदर्शनात जगापुढे आली. तिला लोक 'पेराक' म्हणत, म्हणजे स्प्रिंगवाला. परकी अंमलात प्रागच्या गल्ल्यांतून स्प्रिंगांच्या बळावर उड्या मारीत शत्रूस चकविणाऱ्या एका दंतकथेतील वीराचेही हेच नाव होते. यंत्राच्या वाट्यास असे पूर्वचरित्र क्वचितच येते.

या घराण्याची गाडी हिंदुस्थानात रुजविली ती मुंबईच्या इराणी मंडळींनी. रुस्तम इराणी व फारूख इराणी यांनी आयडियल जावा ही कंपनी १९६० मध्ये स्थापिली आणि पुढील वर्षी म्हैसूर येथे उत्पादन सुरू झाले. म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार हे त्या वेळी राज्याचे राज्यपाल होते, आणि त्यांचे साह्य कंपनीस लाभले. १९७३ पासून गाडीवर 'येझदी' हे नाव आले. इराणातील यझ्द या शहराची ती आठवण. एका झेक यंत्रास कर्नाटकाच्या भूमीत पारशी-इराणी नाव मिळावे आणि तिच्यावर बेळगावच्या किंवा कोल्हापूरच्या मराठी पोराने जीव टाकावा, हा योग आपल्या देशातच जुळून येऊ शकतो.

जीव टाकण्याजोगे तिच्यात होतेही बरेच. एकच सिलिंडर, पण सायलेन्सर दोन. साखळी पुरती पेटीबंद, त्यामुळे पावसाळ्यात चिखल साखळीपर्यंत पोचत नसे. किक मारण्याचा दांडा पुढे वळविला की तोच गिअरचा दांडा होई, आणि गिअर टाकण्यासाठी पाय दाबताच क्लच आपोआप सुटे. इंजिन टू-स्ट्रोक असल्याने तेल पेट्रोलातच मिसळावे लागे. तिच्यामागून जाणाऱ्याच्या कपड्यांना तो वास लागत असे, हेही येथे नमूद केले पाहिजे.

१९८४ ते १९८६ या दोन-तीन वर्षांत चित्र पालटले. सुझुकी, होंडा, यामाहा यांनी भारतीय भागीदार गाठले, पुण्याच्या बजाजने कावासाकीशी हात मिळविला, आणि १०० सी.सी.च्या हलक्या, थोड्या पेट्रोलात चालणाऱ्या गाड्या बाजारात उतरल्या. पुढे १९९१ मध्ये आणि अधिक कडकपणे १९९६ मध्ये धुरावर कायद्याची बंधने आली. त्याच १९९६ साली म्हैसूरचा कारखाना बंद पडला. याचे सारे खापर जपानी कंपन्यांवर फोडणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. ज्या यंत्राची मूळ आखणी महायुद्धाच्या काळातील, त्यात पस्तीस वर्षांत मोजकेच फेरफार व्हावेत, ही गोष्ट कारखान्याच्या मुळावर आली.

आणि गंमत अशी की, ज्या दोषाने कारखाना बुडाला त्याच दोषाने गाड्या तारल्या. रचना फारशी बदलली नाही म्हणून एका सालचे कितीतरी भाग दुसऱ्या सालच्या गाडीस बसतात. जुन्या बाजारात पडलेली अर्धी गाडी दुसऱ्या अर्ध्या गाडीस जीवदान देते. जे मिळत नाही ते घडविता येते. बेळगावच्या उद्यमबागेत लेथ आणि ओतशाळा यांची वाण नाही.

तथापि घडविण्याआधी ओळखावे लागते, आणि खरी अडचण तेथे आहे. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीची टाकी आतून गंजते, हे कोणासही दिसते. क्रँकशाफ्टच्या कडेचे रबरी ऑइल सील वाळून कठीण झाले आहेत, हे मात्र दिसत नाही. त्यांतून हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल व तेल कमी पडते, इंजिन भलतेच तापते आणि पिस्टन सिलिंडरात जाम होतो. मुरब्बी मिस्त्री हे नुसत्या आवाजावरून सांगतो: मोकळ्यावर इंजिन उगाच चढत असेल तर तो कार्बुरेटरला हात न लावता सील पाहतो. हे ज्ञान कोणत्याही छापील पुस्तकापेक्षा त्याच्या कानात अधिक आहे, आणि त्याच्या हाताखाली शिकणारी पोरे आता दुसऱ्या धंद्यांकडे वळली आहेत. गाड्या उरतील, पण त्यांचे वैद्य उरतील की नाही याची आम्हांस अधिक काळजी वाटते.

म्हणूनच रंग आणि क्रोम यांवर सारा पैसा उधळणाऱ्यांविषयी आमचे मत फारसे अनुकूल नाही. टाकी आरशासारखी चमकते, पण ब्रेकचे लायनर जुनेच! टू-स्ट्रोक गाडीत थ्रॉटल सोडल्यावर इंजिनाची ओढ थोडीच मिळते, सारा भार ड्रम ब्रेकवर असतो. आजचे रस्ते १९८० चे नाहीत, आणि स्वाराची नजर व गुडघेही त्या सालचे नाहीत. मधली पंचवीस वर्षे स्कूटरवर बायकोमुलांना घेऊन आणि नंतर मोटारीत बसून गेलेली असतात. यंत्राइतकीच स्वारानेही स्वतःची तपासणी करून घ्यावी.

२०१८ मध्ये जावा हे नाव पुन्हा बाजारात आले, येझदी २०२२ मध्ये. आमच्या इंदूरच्या वाचकांस ठाऊक असेल की, या नव्या गाड्या त्यांच्या शेजारच्या पिथमपूरच्या कारखान्यात तयार झाल्या. गाड्या चांगल्या आहेत. पण इंजिन फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारे. नावाचा जीर्णोद्धार तेथे झाला, यंत्राचा गल्लीबोळांतच होतो आहे.

सरकारनेही २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी 'व्हिंटेज' अशी वेगळी नोंदणी काढली. तिच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे असतात. मात्र अशी गाडी रोजच्या वापरास काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यापुरतीच मुभा. ज्यास सकाळी बाजारास जाऊन भाजीची पिशवी हँडलला अडकवून परतायचे आहे, त्याने दर पाच वर्षांनी साध्या नोंदणीचे नूतनीकरण करीत राहावे, हे बरे.

सिलिंडर नव्याने बोअर केलेला असेल तर पहिले काही शे किलोमीटर लिटरमागे चाळीस मिलिलिटरहून थोडे अधिक तेल घालून, वेग न वाढविता, मधूनमधून थांबून इंजिन निववीत गाडी चालवावी लागते. विशीत या नियमाचा जाच वाटतो. पन्नाशीतली माणसे तो बिनतक्रार पाळताना दिसतात, आणि थांबलेच आहोत तर चहाही घेतात.