तिजुकाची सावली

रिओ-द-जानेरो हे ब्राझीलमधील शहर आपल्या घराघरांत ठाऊक आहे ते कोर्कोवादो शिखरावर हात पसरून उभ्या असलेल्या तारक ख्रिस्ताच्या पुतळ्यामुळे. 12 ऑक्टोबर 1931 रोजी या पुतळ्याचे उद्घाटन झाले. चित्रात आपण प्रभूचे मुखमंडल पाहतो, खालचा समुद्र पाहतो. परंतु ज्या डोंगरावर तो उभा आहे, त्यावरील हिरव्या दाट रानाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. त्या रानाची कथा येथे सांगावयाची आहे.

जुलै 2013 मध्ये जागतिक युवा दिनाच्या निमित्ताने काही तरुणांसमवेत मला रिओला जाण्याचा योग आला. पोप फ्रान्सिस यांची समारोपाची मिसा ग्वारातिबाच्या मैदानावर व्हावयाची होती. पण पावसाने मैदानाचा चिखल केला आणि ती कोपाकबानाच्या वाळूवर झाली. परतण्यापूर्वी एक दिवस मोकळा होता. रिओकरांची आवडती रपेट म्हणून आम्हाला तिजुकाच्या वनात नेण्यात आले. आल्तो-दा-बोआ-व्हिस्टा येथील दरवाजातून आत शिरायचे, तोने धबधब्यापाशी थोडे थांबायचे, मायरिंक नावाच्या लहानशा गुलाबी चॅपेलपर्यंत चढायचे आणि झाडीतल्या पाऊलवाटेने वळसा घेऊन पुन्हा दरवाजाशी यायचे. वाटभर सावली. आजीआजोबा नातवंडांचे बोट धरून चालत होते. हे अरण्य सृष्टीच्या आरंभापासून असेच उभे असणार, असे मला वाटले. प्रत्यक्षात ते मुख्यतः मनुष्याच्या हातांनी पुन्हा उभे केलेले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या उतारांवर कॉफीचे मळे होते. मळ्यांसाठी मूळचे रान तोडले गेले, कोळशासाठीही तोडले गेले. काही पिकांतच जमिनीचा कस गेला आणि मळेवाले पुढे सरकले. मागे राहिले उघडे डोंगर. शहराचे पिण्याचे पाणी मात्र याच डोंगरांतील झऱ्यांवर अवलंबून होते. झाड गेले तशी माती वाहून गेली आणि झरे आटू लागले. 1844 च्या दुष्काळात राजधानीचे हाल झाले, तेव्हा सरकारला जाग आली. झऱ्यांभोवतीच्या जमिनी ताब्यात घेण्याचे काम पुढे 1850 नंतरच्या दशकात सुरू झाले. सरकारी गती सर्व देशांत सारखीच असावी! अखेर 11 डिसेंबर 1861 रोजी, सम्राट दुसरे पेद्रो यांच्या कारकिर्दीत, तिजुका आणि पाइनेरास येथे वन लावण्याचा हुकूम निघाला. मेजर मानुएल गोमिश आर्शेर यांची नेमणूक झाली आणि 1862 च्या आरंभी लागवडीस प्रारंभ झाला.

आर्शेर यांनी प्रामुख्याने देशी झाडे निवडली. 1874 मध्ये त्यांच्या जागी बॅरन देस्क्रान्योल आले. त्यांनी वनाला उद्यानाचे रूप दिले, वाटा आखल्या. 1888 पर्यंत लावलेल्या रोपांची संख्या लाखाच्या आसपास सांगितली जाते. उरलेले काम निसर्गाने केले. 1961 साली तेथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले.

वाटेत एक ओळखीचा वास आला आणि आमची मुले ओरडलीच, “फादर, फणस!” पोर्तुगीजांनी आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून नेलेला फणस तेथे ‘जाका’ या नावाने नांदतो; हा शब्द मल्याळममधील ‘चक्का’पासून आलेला. मात्र आपला हा सोयरा तेथे इतका फोफावला आहे की देशी झाडांना जागा उरत नाही, आणि उद्यानाचे अधिकारी काही ठिकाणी त्याला हटवतात. ऐकून मन थोडे खट्टू झाले.

आता मुख्य गोष्ट. खड्डे खणले कोणी? आर्शेर यांना लागवडीसाठी प्रथम मिळाली ती सहा माणसे, सारी गुलाम. त्यांची नावे टिकून आहेत: एलेउतेरिओ, कोन्स्तान्तिनो, मानुएल, मातेउस, लिओपोल्दो आणि मारिया. पुढे मजुरीवरचे कामगारही आले, पण आरंभ या सहांचा. धबधब्याला चित्रकाराच्या घराण्याचे नाव आहे, चॅपेलला धनिकाचे. या सहांना आडनावही नाही.

आणि ही नावे पाहा! मत्तय, इम्मानुएल, मारिया. आपल्या बाप्तिस्म्याच्या वहीत शोभतील अशी. ज्या समाजाने त्यांना ही नावे दिली, त्यानेच त्यांना मालमत्ता मानले. मालक ख्रिस्ती, गुलामही ख्रिस्ती. रविवारी वेदी एकच. पोप सोळावे ग्रेगरी यांनी 1839 मध्ये गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला होता. तरी ब्राझीलमधील बेनेडिक्टाइन मठांनी आपले गुलाम मुक्त केले ते 1871 मध्ये. हे सांगताना मला, एका धर्मगुरूला, अवघडल्यासारखे होते; पण ते झाकून ठेवणे इतिहासाशी आणि त्या माणसांशी अप्रामाणिकपणाचे होईल. पोप तेरावे लिओ यांनी 5 मे 1888 रोजी ब्राझीलच्या बिशपांना गुलामगिरीविरुद्ध पत्र लिहिले. आठ दिवसांनी, 13 मे रोजी, राजकन्या इझाबेल यांनी मुक्तीच्या कायद्यावर सही केली. तोपर्यंत आर्शेर यांची झाडे चांगली सावली देऊ लागली होती.

मायरिंक चॅपेलमध्ये कार्मेल मातेचे चित्र आहे. कान्दिदो पोर्तिनारी यांनी 1940 नंतरच्या दशकात या चॅपेलसाठी चित्रे काढली. आता तेथे त्यांच्या प्रतिकृती आहेत. कार्मेल माता म्हणजे शुद्धिस्थानातील आत्म्यांची कैवारी, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या दिवशी मी तेथे नुसता गुडघे टेकून बाहेर आलो होतो. सहा नावे मला नंतर, पुस्तकांतून कळली.

तेव्हापासून 2 नोव्हेंबरच्या मिसेत मृतांची यादी वाचताना शेवटी ही सहा नावे मी वाचतो. पहिल्या वर्षी मिसा संपल्यावर एका आजीने सांक्रिस्तीच्या दाराशी मला थांबवले. “फादर,” त्यांनी विचारले, “ते एलेउतेरिओ कोणाच्या घरचे?”