तुटणारी तार

रेंजवर रायफलच्या नळीला क्रोनोग्राफ बांधला होता. संगिनीसारखी पट्टी, गोळीच्या वाटेच्या जेमतेम खाली. तिच्यातल्या दोन सेन्सरांमधलं अंतर कापायला गोळीला किती वेळ लागला, त्यावरून वेग कळतो. सातव्या गोळीला पट्टीचं टोक उडालं. धक्क्यांनी पट्टा सैलावून ती वर सरकली होती. मला घाम फुटला तो नंतर. चेंबरमध्ये पुढची गोळी, आणि शेजारचा जवान पट्टी चाचपायला नळीपुढे हात नेत होता! "हात मागे!" एवढंच ओरडलो.

बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ च्या ग्रंथात वेग मोजायची रीत मांडली: टांगलेल्या लंबकात गोळी मारायची आणि तो किती झुलतो ते पाहायचं. (हेच गृहस्थ पुढे कंपनीच्या चाकरीत इकडे आले आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडला वारले.) एकोणिसाव्या शतकात बेल्जियन तोफखान्यातल्या ल बूलांजेने विजेचं यंत्र केलं. गोळी आधी नळीच्या तोंडाशी ताणलेली तार तोडते, मग लांबची. प्रत्येक वेळी विद्युतचुंबकाने धरलेला एक दांडा सुटतो.

तार दर गोळीला तुटायची. नवी बांधायला माणूस पुढे जाणार, म्हणजे फायरिंग थांबवणं भागच. आमच्या पट्टीने तो थांबा काढून टाकला.

आता आम्ही तो हुकमाने पाळतो. दर तीन गोळ्यांनी मॅगझिन बाहेर, बोल्ट मागे, चेंबरमध्ये बोट घालून खात्री. मगच पट्ट्याला हात. त्या दिवशीचा पट्टीचा तुकडा माझ्या टेबलावर आहे.