गार खोलीचा हिशेब

संगणक गणिते करतो, टपाल पोचवतो, बँकेची खातीही सांभाळतो. भौतिकशास्त्राला या कर्तबगारीचे सोयरसुतक नाही. त्याच्या लेखी संगणक ही विजेची शेगडी आहे. जेवढी वीज आत जाते, तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. १९४६ साली फिलाडेल्फियात 'एनियाक' जगापुढे आला. त्यात सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि त्याला सुमारे १५० किलोवॉट वीज लागे. पुढे ट्यूब गेल्या, ट्रान्झिस्टर आले, चिप आल्या. शेगडी मात्र कायम राहिली.

इंटरनेट पसरले तसे हजारो सर्व्हर एका छपराखाली आले. हीच डेटा सेंटरे. ती बांधणाऱ्यांना एकच धास्ती असे, यंत्र तापून बंद पडण्याची. त्यामुळे खोली जितकी गार तितकी बरी, असा खाक्या होता. सर्व्हर पुढून हवा आत घेतो आणि मागून गरम हवा सोडतो. पण कपाटांच्या रांगा शाळेतल्या बाकांसारख्या एकाच दिशेला तोंड करून उभ्या असत. म्हणजे पुढच्या रांगेचा उच्छ्वास तो मागच्या रांगेचा श्वास! १९९२ साली आयबीएमचे रॉबर्ट सलिव्हन यांनी रांगा समोरासमोर आणि पाठीला पाठ लावून मांडायची पद्धत सुचवली. एका गल्लीत गार हवा, दुसरीत गरम. ना नवे यंत्र, ना मोठा खर्च. तरीही ही साधी गोष्ट सगळीकडे रुजायला बराच काळ गेला. कारण विजेचे बिल एका खात्याकडे जाई आणि यंत्रांची जबाबदारी दुसऱ्याकडे असे. कचेऱ्यांचा अनुभव असलेल्यांना हे नवे वाटणार नाही.

जाग आली ती २००७ साली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने काँग्रेसला अहवाल दिला. २००६ साली त्या देशातील सर्व्हर आणि डेटा सेंटरांनी सुमारे ६,१०० कोटी युनिट वीज वापरली होती, म्हणजे देशाच्या एकूण विजेच्या दीड टक्का. हीच चाल राहिली तर २०११ पर्यंत आकडा १०,००० कोटींच्या पुढे जाईल, असा इशारा त्यात होता. त्याच सुमारास 'ग्रीन ग्रिड' या उद्योगसंघाने 'पीयूई' हे माप रूढ केले. केंद्रात आलेल्या एकूण विजेला प्रत्यक्ष संगणकांना मिळालेल्या विजेने भागायचे. उत्तर २ आले, तर प्रत्येक युनिटामागे आणखी एक युनिट गारव्यावर आणि इतर व्यवस्थेवर जाते असे समजायचे. अपटाइम इन्स्टिट्यूटच्या पाहणीत २००७ साली सरासरी उत्तर २.५ होते!

एकदा मोजायला लागल्यावर गळती दिसू लागली. खोली एवढी गार ठेवायची गरजच नव्हती. वातानुकूलन अभियंत्यांच्या 'ॲश्रे' या संस्थेने २००४ मध्ये २० ते २५ अंश तापमान सुचवले होते, ते २००८ मध्ये १८ ते २७ केले. गुगलचे लुइझ बारोसो आणि उर्स होल्झल यांनी २००७ मध्ये दाखवून दिले की, रिकामा बसलेला सर्व्हरही पूर्ण कामाच्या निम्म्याच्या आसपास वीज खातो. मग अनेक सर्व्हरांचे काम एकावर आणण्याची पद्धत वाढली.

याच काळातली हामिनाची कथा मला विशेष आवडते. फिनलंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या या गावाजवळ सुम्मा येथे कागद गिरणी होती. २००८ च्या जानेवारीत ती बंद पडली. २००९ मध्ये गुगलने ती जागा विकत घेतली आणि २०११ मध्ये तेथे डेटा सेंटर सुरू झाले. गिरणीसाठी खडकातून खोदलेला समुद्राच्या पाण्याचा बोगदा तसाच होता. त्याच थंडगार पाण्याने आता सर्व्हरांची उष्णता काढून घेतली जाते, आणि परतीचे पाणी ताज्या समुद्रपाण्यात मिसळून मगच आखातात सोडले जाते. २०२४ मध्ये कंपनीने पुढचे पाऊल जाहीर केले. ही उष्णता गावातली घरे उबदार ठेवणाऱ्या नळव्यवस्थेला फुकट द्यायची आणि तिची वर्षाची सुमारे ८० टक्के गरज भागवायची.

अशा उपायांमुळे २००७ चे भाकीत चक्क खोटे ठरले. २०१४ च्या सुमाराससुद्धा अमेरिकी डेटा सेंटरांचा वापर ६ ते ७ हजार कोटी युनिटांच्या घरातच होता, आणि तोवर संगणकीय काम कितीतरी पटींनी वाढले होते. ही कामगिरी लहान नाही. पण तिचे श्रेय सांगताना एक गोष्ट विसरली जाते. ही बचत बरीचशी उधळपट्टी थांबवण्यातून आली होती, आणि उधळपट्टी एकदाच थांबवता येते. अपटाइमच्या पाहणीत सरासरी पीयूई २०१८ साली १.५८ होता आणि २०२४ साली १.५६. सहा वर्षांत जवळपास तिथेच! उत्तम केंद्रे १.१ पर्यंत पोचली आहेत, आणि १ च्या खाली तर कोणालाच जाता येत नाही.

शिवाय हे माप फसवेही आहे. जुने सर्व्हर काढून कमी विजेचे बसवले आणि गारव्याचा खर्च तेवढाच राहिला, तर एकूण वीज वाचते, पण पीयूई बिघडतो. पाणी उडवून हवा गार केली तर पीयूई सुधारतो, पाण्याची नोंद मात्र त्यात होतच नाही. म्हणून ग्रीन ग्रिडने २०११ मध्ये पाण्याचे वेगळे माप आणले. आत चाललेले काम गरजेचे आहे की नाही, हे तर कोणतेच माप विचारत नाही.

पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणाऱ्या खास चिपांच्या फौजा आल्या. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२३ साली अमेरिकी डेटा सेंटरांनी १७,६०० कोटी युनिट वीज वापरली, देशाच्या ४.४ टक्के. २०२८ पर्यंत हा वाटा ६.७ ते १२ टक्क्यांवर जाईल, असा त्यांचा अंदाज आहे.

आपल्याकडे समुद्राखालच्या केबल मुंबईला लागतात आणि शेअर बाजारही इथेच, म्हणून ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल या पट्ट्यात डेटा सेंटरे दाटली आहेत. समुद्र इथेही शेजारी आहे, पण तो फिनलंडच्या आखातासारखा थंड नाही. हवा दमट असल्यामुळे पाणी उडवून गारवा मिळवण्याची युक्ती इथे कमी चालते, विशेषतः पावसाळ्यात. घरे उबदार ठेवायची गरज तर आपल्याला पडतच नाही. म्हणून शीतयंत्रे बारा महिने चालतात आणि आतली उष्णता गच्चीवरून त्याच हवेत सोडली जाते, ज्या हवेत आसपासच्या इमारतींचे एसीही आपली उष्णता टाकत असतात.